एकाच पुस्तकाच्या पाच प्रती हव्यात

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता देवळाच्या मंडपात वाचक मंडळ बसतं. एक पुस्तक दोन महिने चालतं: पहिल्या बैठकीला अर्धं, दुसऱ्या बैठकीला उरलेलं. पुस्तक चिठ्ठी टाकून ठरतं, दोनशे पानांच्या आतलं असावं एवढीच अट. वाचायचं मराठीत आणि बोलायचं ज्याला जसं येईल तसं. तावातावाने बोलायची वेळ आली की सगळेच कोकणीवर येतात, आणि मग कुठे बैठकीला रंग चढतो.

अडचण पुस्तकांची नाही. घराघरांत पुस्तकं आहेत, आणि लोक उदारपणे आणूनही देतात. गेल्या वर्षी मंडपाच्या कोपऱ्यात तीन गोणी जमल्या. त्यात जुनी गाईडं होती, दिवाळी अंक होते आणि वाळवीने आतून पोखरलेले दोन जाडजूड ग्रंथही निघाले. देणाऱ्यांचं मन मोठं, पण मंडळाला त्याचा उपयोग नाही. आम्हाला एकच पुस्तक एकाच वेळी सगळ्यांनी वाचायला हवं असतं.

आम्ही अठरा जण, प्रती दोन. म्हणजे एका प्रतीमागे नऊ जण, आणि दोन महिन्यांत माणशी जेमतेम सहा-सात दिवस. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालून आत नावांची यादी चिकटवतो. नाव खोडायचं, तारीख घालायची आणि पुस्तक पुढच्या घरी पोचवायचं. पानांत कदंब बसचं तिकीट खुणेला, कुठे आमसुलाचा डाग. मागे एक प्रत लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका काकींच्या पिशवीतून थेट मुंबईला गेली ती तीन महिन्यांनी परतली. त्या बैठकीत सात जणांनी शेवट न वाचताच मतं मांडली, आणि खरं सांगायचं तर ती वाचलेल्यांपेक्षा ठाम होती!

पणजीला पाटोवर राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 सालापासूनची परंपरा असलेलं. पण एकाच पुस्तकाच्या पाच प्रती दोन महिने आमच्याकडे ठेवायला देणं ग्रंथालयाला सहसा शक्य नसतं. झेरॉक्स काढू, असंही कुणी सुचवलं. लेखकाच्या पोटावर पाय कशाला, म्हणून तो विषय तिथेच संपवला.

तर मागणी अशी. वर्षाला सहा पुस्तकं, प्रत्येकाच्या जादा पाच प्रती, म्हणजे तीस. सरासरी अडीचशे रुपये धरले तर साडेसात हजार होतात. कुणी एका प्रतीचे पैसे द्यावेत, कुणी एका पुस्तकाच्या पाचही प्रती घेऊन द्याव्यात. सात प्रती झाल्या की माणशी तीनेक आठवडे मिळतील. आमचं वाचून झालं की तो संच शेजारच्या वाड्यांना आणि शाळांना वाचायला देऊ. जमाखर्च मंडपातल्या फलकावर लागेल, पावती लगेच मिळेल.

दुसरी गरज कपाटाची. पावसाळ्यात लाकडी फळीवरची पुस्तकं ओलीने फुगतात, पानांना बुरशी धरते. कुणाकडे वापरात नसलेलं लोखंडी कपाट असेल, दार नीट लागणारं, तर आम्ही टेम्पो घेऊन येऊ. डांबरगोळ्या आमच्या.

तिसरी गरज पैशाची नाही. मंडळातल्या तिघांना आता बारीक अक्षर वाचवत नाही. आठवड्यातून एक तास त्यांच्या घरी बसून मोठ्याने वाचून दाखवणारं कुणी हवं आहे. कॉलेजातल्या मुलांनी पुढे यावं. चहा आणि मिरची भजी मिळेल, शिवाय जुन्या गोव्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील, न विचारता.

पैसे किंवा प्रती बैठकीच्या दिवशी मंडपातच आणून द्याव्यात. पुस्तक वाचलेलं नसलं तरी या, आमच्यातले अर्धेअधिक तसेच येतात. आणि मंडळाची एखादी जुनी प्रत घरच्या फडताळात राहून गेली असेल तर तीही आणा. कुठे होती, असं कुणी विचारणार नाही.