डार्नाचे कपडे आणि रोसिंगचा पदर

संपादक साहेब,

तुमच्या पुरवणीत कॉमिक्सवर येतं ते सगळं अमेरिका नाहीतर जपान, म्हणून म्हटलं फिलिपिन्सबद्दल लिहावं. तिथे १९२९ मध्ये केन्कॉय नावाचं पात्र आलं, तेलकट चापून बसवलेले केस, ढगळी पँट, इंग्रजी मिसळलेली तिथली टागालोग भाषा, आणि त्याची प्रेयसी रोसिंग मात्र पारंपरिक पोशाखात, लाजरीबुजरी. म्हणजे मॉडर्न व्हायचं पोराने आणि संस्कृती सांभाळायची पोरीने, ओळखीचं वाटतंय ना?

मग १९५० मध्ये मार्स रावेलोंची डार्ना आली. नार्डा नावाची साधी गावातली मुलगी पांढरा खडा गिळते, डार्ना म्हणून ओरडते आणि उडायला लागते. बाई हिरो, तेही तेव्हा, भारीच, पण अंगावर बिकिनीसारखे कपडे! राक्षसांशी मारामारी करायला हे कशाला, चित्रकारालाच विचारायला हवं.

मला सगळ्यात आवडली ती कार्लो व्हर्गारांची झाझा झातुर्ना. आदा हा ब्युटी पार्लर चालवणारा गे माणूस, तो भला मोठा दगड गिळतो आणि तगडी सुपरवुमन होतो. आता गे म्हटलं की पार्लरवालाच, हा साचा आहेच, पण इथे तो साईडचा विनोदी माणूस नाही, कथाच त्याची आहे. नंतरच्या ट्रेसे या कॉमिकमधली अलेक्झांड्रा तर लांब काळा कोट घालून भुताखेतांचे गुन्हे सोडवते, कोणी तिला गोड हसायला सांगत नाही.

रविवारच्या पुरवणीत यांच्यावर एखादं पान द्या की.

- एक कॉमिक्सवेडी वाचक, ठाणे