गोठ्यापर्यंत पोहोचलेली सेवा माजघरापर्यंतही यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाई परड्यातल्या न्हाणीकडे जाताना ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. कोल्हापुरात शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. खरी अडचण घरी परतल्यावर सुरू झाली. रोज व्यायाम करून घेणारे, अंघोळीला हात देणारे कोणी गावात नव्हते आणि दर तपासणीला गाडी ठरवून त्यांना शहरात न्यावे लागे. मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे घरी होते, म्हणून निभावले.

आमच्या आळीत मात्र तीन घरांत एकेकटी म्हातारी माणसेच राहतात. भुदरगड, आजरा, चंदगड या भागांतली कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. १९८२ च्या संपानंतर त्यांतली बरीच गावी परतली, त्यांनी चार म्हशी आणि थोडी शेती यांवर संसार सावरला आणि आज ती पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुले पुण्याला किंवा मुंबईला नोकरीत आहेत. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ पासून आहे, पण चाकणला पाळीत काम करणाऱ्या मुलाला पैसे पाठवणे जमते, आईला रोज उठवून बसवणे जमत नाही. त्याला दोष देण्यात मला अर्थ दिसत नाही. या माणसांना वृद्धाश्रमातही जायचे नाही. ज्या सोप्यात आयुष्य गेले, तिथेच त्यांना राहायचे आहे.

आपल्या जिल्ह्याला घरपोच सेवेची व्यवस्था नवी नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाने गावोगावच्या दूध संस्थांच्या आधारे ती उभी करून दाखवली आहे. म्हैस आजारी पडल्याची वर्दी दिली की डॉक्टर गोठ्यात येतो आणि दर दहा दिवसांनी दुधाचे बिल मिळते. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालणाऱ्या एखाद्या आजोबांची किटली दोन वेळा आली नाही, तर ते सर्वांत आधी सेक्रेटरीच्या लक्षात येते. इतकी रोजची ओळख दुसऱ्या कोणत्याही कार्यालयाकडे नाही, म्हणून वृद्धांच्या घरपोच सेवेची सुरुवात दूध संस्थेपासून करावी, असे मी आग्रहाने सुचवते.

दोन-तीन गावे मिळून दहावी-बारावी झालेल्या दोन मुली निवडाव्यात आणि त्यांना रक्तदाब व साखर तपासणे, जखम पाहणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे, साधे व्यायाम करून घेणे, गोळ्यांच्या वेळा लावून देणे याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. केरळमध्ये दीर्घ आजारी रुग्णांच्या वेदनाशामक (पॅलिएटिव्ह) सेवेच्या २००८ च्या धोरणानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जातात. आपल्याकडे असे काम निघाले की ते आशाताईंच्या गळ्यात टाकण्याची सवय आहे. बाळंतपणे, लसीकरण आणि सर्वेक्षणांनी त्यांचा दिवस आधीच भरलेला असतो, त्यामुळे हे काम वेगळ्या आणि नीट मानधन मिळणाऱ्या व्यक्तीकडेच हवे. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी लागते. तशीच तरतूद ज्येष्ठांसाठी व्हावी आणि दूध संस्थेने आपल्या नफ्यातून त्यात भर घालावी.

सरकारी मदत अजिबात नाही असे नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. परंतु त्यांतून नेमके काय घ्यावे, न्हाणीत धरायला दांडी कोणत्या उंचीवर बसवावी, हे त्या घरात येऊन सांगणारे कोणी नसते. आमच्या घरी ती दांडी सासूबाई पडल्यानंतर बसली. गावातल्या गवंड्याला ते अर्ध्या दिवसाचे काम होते.

दूध संघ, जिल्हा परिषद आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी एकत्र बसून निदान एका तालुक्यात, पावसाळ्यात ज्यांची वाट बंद पडते अशा वाड्यांपासून, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या याद्या करण्याचे काम येत्या वार्षिक सभांच्या आधी हाती घ्यावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर