सूचना : १ ऑक्टोबरची ज्येष्ठांसोबतची फेरी

सर्व सदस्यांना नमस्कार. जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, १ ऑक्टोबरला, सकाळी ६.३० वाजता धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कपाशी जमायचे आहे. ८ च्या आत आटोपू. त्यानंतर नागपूरचं ऑक्टोबरचं ऊन सोसवत नाही.

काठी आदल्या दिवशीच तपासा. चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. उंच काठीने खांदा भरून येतो, ठेंगणीने माणूस वाकतो. खालचे रबरी बूच घासून गुळगुळीत झाले असेल तर बदला, ओल्या फरशीवर आधी तेच सरकते. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरायची. बहुतेक जण नेमके इथेच चुकतात.

व्हीलचेअरसाठी ६ इंचांच्या पायरीला ६ फूट लांब फळी लागते. ३ फुटी आणू नका, चढ उभा होतो नि खुर्ची मागे कलंडते. उतरवताना खुर्ची उलटी फिरवा, धरणाऱ्याने खालच्या बाजूला राहावे. हात लावण्याआधी बसलेल्या आजी-आजोबांना विचारा, ही कळकळीची विनंती.

वाटेत टेकायला हाताच्या खुर्च्या ठेवू. ज्यांना चालवत नाही त्यांनाही आणायचेच आहे. त्यांची नावे २८ सप्टेंबरपर्यंत कळवा.