‘शेवटचा उपाय’ हे आधी सांगणं बंद करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पार्किन्सनवरचा लेख वाचला, व्यायाम गोळ्या आहार सगळं व्यवस्थित होतं, पण ऑपरेशनवर अख्खी एकच ओळ आणि तीही अशी की कशानेच गुण आला नाही तर शेवटचा उपाय म्हणून शस्त्रक्रिया. त्या ओळीसाठीच हे पत्र, कारण आमच्या घरात हेच वाक्य ऐकत ऐकत वेळ निघून गेली.

आमच्या काकांना पार्किन्सन आहे. गोळी लागू पडली की स्वतः जाऊन पोहे-जिलबी घेऊन यायचे, आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे, काकू मागून "एक-दोन, एक-दोन" म्हणणार तेव्हा कुठे पाऊल उचलणार. डोस वाढवला तर अंग आपोआप वळवळायचं, चहाचा कप बशीत टिकायचा नाही. इथल्या डॉक्टरांना ऑपरेशनचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "इतक्यात कशाला, अजून गोळ्यांवर भागतंय ना." शेवटी मुंबईला दाखवलं तर ते म्हणाले आता स्मरणशक्ती आणि तोल दोन्ही बरंच गेलंय, आता करण्यात अर्थ नाही.

म्हणजे बघा, डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचे हलके झटके देत राहायचं) हे ऑपरेशन ज्याला गोळीचा गुण येतो त्याच्यासाठीच आहे, ज्याला येत नाही त्याच्यासाठी नाही! (कंप तेवढा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी बऱ्याचदा कमी होतो.) मेंदूत खोलवर बारीक तारा बसवतात, कॉलरबोनखाली कातडीच्या आत बॅटरी, आणि बऱ्याच ठिकाणी पेशंट जागा असतानाच मूठ उघड-मीट करायला लावून तार नीट जागी बसलीय का ते बघतात. फ्रान्समध्ये बेनाबिद नावाच्या सर्जनने 1987 मध्ये कंपावर हे सुरू केलं, म्हणजे आता काही नवीन राहिलेलं नाही. 2013 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, त्यातल्या पेशंटना आजार होऊन सरासरी साडेसात वर्षं झालेली, गोळ्यांचा त्रास नुकता सुरू झालेला, आणि नुसत्या गोळ्यांवर राहिलेल्यांपेक्षा ऑपरेशन केलेल्यांचं रोजचं जगणं जास्त सुधारलं. आजार बरा होत नाही, पुढे वाढायचाही थांबत नाही, बोलणं आणि तोल फारसा सुधारत नाही, रक्तस्राव-इन्फेक्शनचा धोका आहेच, साधी (चार्ज न होणारी) बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. हे सगळं लिहा की, पण वेळेत लिहा.

दुखण्याचंही तेच. आमच्याच गल्लीतल्या एका मावशींना गालात अशी कळ यायची की ब्रश करणंसुद्धा बंद, दातांचं समजून चांगल्या दाढा काढून झाल्या, मग कळलं ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. त्यावर आधी कार्बामाझेपीन ही गोळीच देतात आणि ते बरोबरच आहे, पण गोळीने दिवसभर गुंगी येत असेल किंवा गुण कमी होत चालला असेल तर नसेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवायचं ऑपरेशन असतं, कानामागून करतात. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पाठीचं ऑपरेशन होऊनही पाय ठणकत राहतो अशांसाठी मणक्यात विजेचे हलके झटके देणारी तार बसवायची सोय आहे, त्यात आधी काही दिवस तात्पुरती तार घालून बघतात, दुखणं निम्म्यावर आलं तरच कायमची बसवतात. आता करून बघून ठरवायची सोय असताना त्याला घाबरून शेवटचा उपाय का म्हणायचं?

पैशाचं म्हणाल तर डीबीएस लाखांच्या घरात जातं, सगळ्यांना झेपणारं नाही. पण 2019 मध्ये विमा नियामकाने आरोग्य विमा कंपन्यांना सांगितलंय की डीबीएसला कव्हर द्यायचं, नाही म्हणता येणार नाही. मर्यादा मात्र लावता येते, काही पॉलिसींमध्ये ती इतकी कमी असते की नुसत्या मशीनचेही पैसे निघत नाहीत, तेव्हा पॉलिसीचा कागद आधीच काढून वाचलेला बरा.

तर पुढच्या लेखात एवढं छापाच, की गोळीचा असर दोन डोसच्या मध्येच उतरायला लागला किंवा अंग वळवळायला लागलं की हालचालींच्या आजारांचं बघणाऱ्या न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवून "मी ऑपरेशनला योग्य आहे का" असं सरळ विचारायचं. नाही म्हणाले तर का नाही तेही विचारायचं.

आपला,
एक जुना वाचक, लोकमान्य नगर, इंदूर