कोड नाही म्हणजे लठ्ठपणा नाही?

लठ्ठपणाचे रुग्ण रुग्णालयांच्या निदान-कोडवरून (प्रत्येक आजारासाठी नोंदवायच्या ठरावीक खुणेवरून) मोजावेत, असे सुचवणारा लेख वाचला. सूचना सोयीची आहे, पण आकडा फसवा येईल. माझेच डिस्चार्ज कार्ड समोर आहे. वर उंची १६८ सेंमी, वजन ९६ किलो. म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ३४. निदानाच्या रकान्यात मात्र मधुमेह आणि गुडघ्याची झीज, एवढेच. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला (आयसीडी-१०) लठ्ठपणाचा ‘ई-६६’ कोड कुठेच नाही. यात डॉक्टरांना दोष देत नाही. माणूस ज्या तक्रारीसाठी दाखल होतो, तीच रकान्यात उतरते. त्यामुळे कोड असला तर रुग्ण बहुधा लठ्ठ असतोच, नसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. शिवाय लठ्ठपणासाठी बीएमआयची मर्यादा कोणती धरणार? जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे ३० धरते, आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी २५ सुचवली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिलांचा बीएमआय २५ किंवा अधिक आढळला, तो प्रत्यक्ष वजन-उंची मोजून. केसपेपरवर हे दोन आकडे बहुतेक वेळा असतातच (माझ्या कार्डावर तर ठळक शाईत आहेत). तेवढे संगणकात भरून घ्यावेत, गणित तो करेल.

– एक वाचक, सातारा