चि. मृणालला आईचे पत्र

अमळनेर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रावेरकडच्या वादळात आडव्या झालेल्या केळीबागांचा तू काढलेला फोटो पेपरच्या पहिल्या पानावर आला. शेजारच्या काकूंनी अंक मागून नेला. खाली मात्र तुझं नाव नाही, नुसतं ‘छाया : प्रतिनिधी’. तू फोनवर म्हणालीस, “जाऊ दे ना आई, फोटो तर छापला.” मला ते जाऊ द्यावंसं वाटत नाही, पोरी, म्हणून लिहितेय.

होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीतला. आपली भुसावळ-सुरत गाडी धरली की तिथून नवसारी जवळच. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने छापले जायचे. बाईच्या नावाला तेव्हा वजन नव्हतं. माणेकशा भला माणूस, कॅमेरा त्यांनीच शिकवला. तरी उन्हात उभी राहायची हिने आणि नाव त्यांचं, हे मला पटत नाही. पुढे होमाईंनी ‘डालडा १३’ हे नाव घेतलं. जन्मसाल १९१३, माणेकशा भेटले तेव्हा वय १३, पहिल्या मोटारीचा नंबर डीएलडी १३. म्हणजे ते नावही टोपणच!

१९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवर फिरायच्या. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, गांधीजींचे अंत्यसंस्कार, सगळं त्यांनी टिपलं. कबुतर सोडणारे नेहरू तू पाहिले असशीलच, तो फोटोही त्यांचाच. घेणारीचं नाव किती जणांना ठाऊक आहे, सांग. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या. एवढा उशीर तुझ्या वाट्याला यावा असं मला वाटत नाही.

बाबा म्हणतात, नवी नोकरी आहे, दमानं घे. त्यांची काळजी मला कळते. पण पहिल्या वर्षी जे मागितलं नाही, ते दहाव्या वर्षी मागायला जास्त जड जातं. संपादकांशी आवाज न चढवता बोल आणि मागणी लेखी दे. गाव, तारीख, वेळ लिहून मूळ फायली स्वतःजवळ ठेव. ज्या शेतकऱ्याचा फोटो काढलास त्याचंही नाव छापायला सांग, त्याची बाग गेलीय.

काय उत्तर मिळतं ते रविवारी कळव.

तुझी,
आई