दाराशी ठेवलेली ती काळी पिशवी

बाळ्या,

काल व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे दाराशी ती कचऱ्याची काळी पिशवी दिसली, खाली पाण्याचा ओघळ आलेला, बाबांनाही दाखवली मी. विचारलं तर म्हणतोस इथे बेंगलोरला कोण वेगळं करतं आई, सगळे एकातच टाकतात. अरे तिथे तर दोन डबे एक बॅग असा नियम आहे, ओल्याला हिरवा डबा, सॅनिटरी वगैरेला लाल आणि सुकं बॅगेत, समोरच्या काकूंची मुलगी तिथेच राहते, तिने सांगितलं. आणि 2017 पासून स्वच्छतेत आपल्या इंदूरचा नंबर पहिला म्हणून मित्रांत मिरवत कोण होतं?

तसं मिरवायला मला तरी कुठे तोंड आहे म्हणा. तुला कधी बोलले नाही, पण कचऱ्याची गाडी दारावर यायला लागली त्या सुरुवातीच्या दिवसांत एक काचेचा ग्लास फुटला आणि मी तुकडे पेपरात गुंडाळून ओल्यातच टाकले, मेथीच्या काड्यांखाली, कोण बघतंय म्हणून. सकाळी गाडीवरच्या ताईंनी डबा उलटा केला, हाताने जरा पसरवलं आणि बोटच कापलं त्यांचं. मी हळद घेऊन धावले तर म्हणाल्या, "रहने दो भाभी, रोज का है." ते "रोज का" अजून टोचतं मला.

म्हणून तुझी दाढीची ब्लेडं. एखादा रिकामा पत्र्याचा डबा घे, त्यात जमव, भरला की टेप लाव आणि वर मोठ्या अक्षरात ब्लेड लिहून वेगळा दे. एवढं तरी कर, बाकीचं नंतर.

ओलं कधीही पिशवीत बांधून देऊ नकोस. आपल्या देवगुराडियाला 2022 साली तो गॅसचा प्लांट सुरू झाला ना, सुरुवातीलाच रोज 550 टन ओला कचरा घ्यायची ताकद होती त्याची, बंद टाक्यांत सडवून सीएनजी करतात, खतही निघतं. पण पिशवी तिथे सडत नाही, ती आधी कुणाला तरी काढावीच लागते. गीला-सूखा एक झालं की कागदही गेला, पुठ्ठाही गेला, वरण लागलेला पुठ्ठा कबाडी हातात तरी घेईल का?

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडायचा नाही, नुसती चीर द्यायची, तो एवढासा तुकडा सिंकमधून सरळ नाल्यात जातो. मग पिशवी विसळून नळाला अडकव, वाळली की सुक्यात. आजी तर धुतलेल्या पिशव्या दोरीवर चिमट्याने लावायची आणि आपण हसायचो तिला!

शेवेची ती चकचकीत पाकिटं मात्र मागवू नकोस, त्यात प्लास्टिक आणि चंदेरी थर असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही, कबाडी पण नाही म्हणतो. मी आता डबा घेऊनच दुकानात जाते, सुट्टी शेव घेते, पहिल्यांदा दुकानदार हसला, आता स्वतःच आधी रिकामा डबा तोलून घेतो.

तुझ्यासाठी लौंगवाली शेव आणून ठेवते, पण भरू कशात? माझे दोन स्टीलचे डबे तुझ्याकडे आहेत, दिवाळीला येताना आण, झाकणासकट. एक झाकण रूममेटकडे आहे म्हणाला होतास, ते आजच मागून घे.

तुझी आई